लिमोकोनचा उसासा

उमिंगच्या डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता. लहानपणी भात कांडताना मुसळाखाली सापडला होता. गावच्या देवऋषीण बाईनं मंत्र म्हणत पाला बांधला, अंगठा बरा झाला, पण सरळ व्हायचं काही त्याच्या मनात आलं नाही. त्यावाचून उमिंगचं फारसं अडलंही नाही. अबाकाच्या, म्हणजे वाखाच्या रानकेळीच्या, खोडातून वाख ओढण्यात तिचा हात धरणारं लुमाबोन गावात कोणी नव्हतं, आणि रताळी खणायला तसाही अंगठा लागत नाही.

बिघडली ती एकच गोष्ट. तिचा बाप होले-पारवे फशी पाडण्यात पटाईत होता. दोन्ही तळहात पोकळ मिटायचे, अंगठ्यांच्या फटीतून फुंकर घालायची, की पाखरू समोरच्या फांदीवर येऊन बसलंच. दोन्ही मुलींना त्यानं ही विद्या शिकवली. थोरली सालाय लवकरच कंटाळली. उमिंग मात्र तासन्‌तास फुंकत बसायची, आणि लिमोकोनचा आवाज तर तिला असा साधला की अंगणातल्या कोंबड्याही मान वर करून बघायच्या. फक्त शेवटी वाकड्या अंगठ्यापाशी हवा निसटायची, आणि ‘कु-कूऊऊ’च्या शेपटाला एक बारीक ‘हंऽऽ’ लागायचा.

“तुझ्या पक्ष्याला दमा आहे गं,” बाप हसायचा. मग लगेच गंभीर व्हायचा. “हे अंगणात चालेल. वाटेवर चुकूनसुद्धा करायचं नाही. वाटेवर तो बोलतो, आपण ऐकतो.”

हे खरं तर सांगायची गरज नव्हती. लिमोकोन म्हणजे काय, हे आमच्या मांदाया जमातीच्या पोराला आईच्या दुधाबरोबरच कळतं. दिसायला एवढंसं हिरव्या पंखांचं होलं, पण जगातला पहिला पुरुष आणि पहिली बाई त्याच्याच अंड्यांतून निघाली. मग लेकरांची काळजी तो करणार नाही तर कोण करणार? घरातून निघालेल्याला तो उजवीकडून बोलला तर खुशाल जावं, डावीकडून बोलला तर मुकाट्यानं घरी यावं. शिकारी परत येतात, वराती परत येतात, आणि खांद्यावर डुक्कर बांधून बाजाराला निघालेला माणूसही, शिव्या घालत का होईना, परत येतो.

अशा पक्ष्याचा आवाज उमिंगनं वाटेवर काढला.

त्या सकाळी आग्दानची माणसं सालायला न्यायला आली होती. आग्दान त्याआधी सालायच्या बापाच्या घरी राबला होता, आमच्याकडे होणाऱ्या जावयाला तसं राबावंच लागतं. त्यानं रान साफ केलं, बांबूच्या नळ्यांतून पाणी वाहिलं, भात पेरला, कापला, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. देणंघेणं झालं, पितळी घंटा वाजल्या, डुक्कर कापलं गेलं. सालायनं स्वतः विणलेला, चिखलात बुडवून काळा केलेला दागमाय नेसला होता, आणि कमरेला घुंगरं बांधली होती. गावच्या बाया म्हणाल्या, पोर अशी दिसतेय की दृष्ट काढायला हवी.

उमिंगला आई आठवतही नव्हती. तिला न्हाऊ घालणारी, भरवणारी, कुशीत घेऊन निजणारी सालायच. ती आता नदीपार जाणार, आणि घरात उरणार बाप आणि उमिंग. यावर तुझं काय म्हणणं आहे, असं तिला कोणी विचारलं नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला विचारतं कोण?

तिला लग्न मोडायचं नव्हतं. हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे जन्मभर ती स्वतःला हेच सांगत राहिली. तिला फक्त एक दिवस हवा होता. पक्षी डावीकडून बोलला तर वरात आज परतेल आणि उद्या जाईल, एवढाच तिचा विचार. डुकरांना घालून येते म्हणून ती निघाली, आणि नदीकडे उतरणाऱ्या वाटेच्या डाव्या अंगाला अबाकाच्या गचपणात जाऊन बसली. घंटांचा आवाज जवळ आला. तिनं हात मिटले.

आग्दानचा बाप जागच्या जागी थांबला, आणि त्याच्यामागे सगळी वरात. सगळे घरी परतले. उमिंगला तिचा एक दिवस मिळाला. त्या दिवशी ती सालायच्या मांडीवर डोकं ठेवून सुखानं झोपली, आणि ते सुख तिला पुढे कधी पचलं नाही.

कारण दुसऱ्या दिवशी नदीला लोंढा आला, आणि लोंढा उतरायच्या आत पलीकडे आग्दानची आई तापानं गेली. पक्ष्यानं आधीच सांगितलं होतं, असं म्हणून आग्दानच्या बापानं दिलेल्या वस्तू परत मागवल्या, आणि त्याला समुद्राकडच्या गावातली मुलगी केली. सालाय रडली नाही. पक्ष्याच्या शब्दावर रडून काय करणार?

लोंढा उतरला की सांगून टाकायचं, असं उमिंगनं ठरवलं होतं. मग ती बाई गेल्याचं कळलं आणि तिच्या तोंडाला कुलूपच बसलं. आपण पक्ष्याचा आवाज चोरला म्हणून पक्ष्यानं माणूस नेलं, असं तिच्या मनानं घेतलं. ते आजही तसंच आहे.

पुढे उमिंगचं लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला, पोरं दावावच्या केळीच्या मळ्यांत कामाला गेली. सालायनं लग्न केलं नाही. कोणी मागणी घातली तर म्हणायची, “जिला एकदा पक्ष्यानं अडवलं, तिनं पुन्हा कशाला निघायचं?” त्याऐवजी ती ऐकायला लागली. पहाटे रानाच्या कडेला जाऊन बसायची. लिमोकोन भुकेला असला की कसा बोलतो, जोडीदाराला कसा बोलावतो, आणि खरंच अडवतो तेव्हा कसा, हे सगळं तिच्या कानात बसलं. हळूहळू लोक विचारायला येऊ लागले. दातू म्हणजे गावचा मुखिया, पण तोसुद्धा तंटा मिटवायला दुसऱ्या गावी निघाला की आधी हिच्या उंच घराच्या शिडीपाशी येऊन उभा राही. “सालाय, आज कसा बोलला गं?” तिनं हो म्हटलं की निघायचा, नाही म्हटलं की घरी जाऊन झोपायचा.

आणि दर वर्षी कापणीच्या जेवणाला कोणीतरी म्हणायचंच, “सालाय, तुझ्या पक्ष्याची गोष्ट सांग की.”

ती विडा गालात सरकवून सांगायची. वरात, घंटा, डावीकडचा आवाज. “पण तो साधासुधा नव्हता हं. शेवटी त्यानं उसासा टाकला. कु-कूऊऊ... हंऽऽ. मला अडवताना त्यालाही वाईट वाटलं. एवढे लिमोकोन ऐकले मी, पण तसा पुन्हा एकही नाही.”

बाया डोळे पुसायच्या. उमिंग वाकडा अंगठा मुठीत दडपून पानातल्या भाताकडे बघत बसायची.

बहिणीला ती जपायची मात्र फार. दोघी एकाच घरात राहायच्या. माशाचा मधला तुकडा सालायला, कोरडी चटई सालायला, पावसात गळत नाही तो कोपरा सालायला. गावात म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकलं की उमिंगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग यंदा सुका मासा विकणारा मोटारसायकलवाला निरोप घेऊन आला. आग्दानची बायको वारली होती. मुलं आपापल्या वाटेनं गेली होती. म्हातारा म्हणत होता, सालायची हरकत नसेल तर न्यायला येतो. घर मोठं आहे, दारात सुपारीची झाडं आहेत, आणि बोलायला कोणी नाही.

उमिंगच्या हातातलं रताळं खाली पडलं. सालायनं ते उचलून तिच्या हातात दिलं.

“काय कळवू?” मासेवाल्यानं विचारलं. “लवकर सांगा आजी, माझ्या माशाला वास सुटलाय.”

“तुझ्या माशाला कधी वास नसतो रे? गप उभा राहा जरा,” सालायनं फटकारलं.

तिनं विडा गालात सरकवला. मग म्हणाली, “त्याला म्हणावं, पक्ष्यानं तेव्हा नको म्हटलंय. ते मी कशी मोडू? पक्ष्याचं पक्ष्यानंच सोडवायला हवं. यायचं तर ये म्हणावं. येताना पक्षी उजवीकडून बोलला तर मी जाईन. नाही बोलला, तर जेवायचं आणि परत जायचं.”

मासेवाला गेल्यावर उमिंगनं विचारलं, “अक्का, तुला जायचंय का?”

“मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे?”

“मी तेवढंच विचारलंय.”

सालाय चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, “तो आपल्याकडं पाणी भरायचा ना, तेव्हा नळी भरेपर्यंत शीळ घालायचा. बेसूर. अजूनही झऱ्यावर गेले की माझा कान तिकडं जातो. हसू नकोस आता.”

उमिंग हसली नाही. अक्काच्या मनात त्या माणसाचं काही उरलेलं नाही, अशी समजूत घालून तिनं आजवर दिवस काढले होते. त्या एका शिळेनं सगळ्या समजुतीवर पाणी फिरवलं.

आता तरी बोलायचं होतं. ‘तो पक्षी मी होते,’ एवढंच. तिनं तोंड उघडलंही. पण मग तिला शिडीपाशी उभा असलेला दातू दिसला, डोळे पुसणाऱ्या बाया दिसल्या. अक्काचा सगळा मान त्या उसाशावर उभा होता, आणि उसासा निघाला होता उमिंगच्या अंगठ्यातून. खरं सांगायचं म्हणजे बहिणीला जोडीदार द्यायचा आणि तिचा जन्मच काढून घ्यायचा. आणि यापेक्षाही खरं कारण म्हणजे ती भ्यायली. अक्का आपल्याकडे कशी बघेल, त्याला भ्यायली.

मग तिला दुसरंच सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते फार छान वाटलं. नदीवरून वर चढणाऱ्याला अबाकाचं तेच गचपण उजव्या हाताला लागतं.

आग्दान यायच्या दिवशी उमिंग डुकरांना घालून येते म्हणून निघाली. साठी उलटलेली बाई, दोन्ही गुडघे धरलेले. बसताना गुडघ्यांनी असा आवाज केला की पक्षी जवळ असता तर उडूनच गेला असता. डास कानाशी गुणगुणत होते, लाल मुंग्या पायावर चढत होत्या. लहानपणी याच जागी ती घाबरली नव्हती, आता घाबरली होती. ‘एवढं एकदाच,’ ती मनातल्या मनात पक्ष्याला म्हणाली. ‘तुझ्या नावानं बिघडवलं, तुझ्याच नावानं दुरुस्त करते. मग माझं काय करायचं ते कर.’

खाली नदीतून आग्दान बाहेर आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, डोक्याला नवी टोपी, काखेत कोंबडा. शीळ घालत होता. अजूनही बेसूरच.

तिनं हात मिटले. कु-कूऊऊ... हंऽऽ.

आग्दान थबकला. टोपी काढून उजवीकडे वळला, लवून नमस्कार केला, आणि वयाच्या मानानं बऱ्याच झपाट्यानं वर निघाला. उमिंगला रडूच कोसळलं. फिटलं, तिला वाटलं. एकदाचं फिटलं.

उठायला गेली तर गुडघा उठेना. खोडाला धरून धडपडत होती, तेवढ्यात पानं बाजूला झाली आणि समोर सालाय उभी. आवाज ऐकताच घरापासून आडवाटेनं धावत आलेली, छाती वरखाली होत होती.

“ऊठ,” सालाय म्हणाली.

“उठता येत नाहीये.”

सालायनं हात देऊन तिला उठवलं, पण हात सोडला नाही. तो उलटा केला आणि वाकड्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“पुन्हा कर.”

“अक्का...”

“कर म्हणते ना.”

उमिंगनं हात मिटले. आवाज निघाला आणि मागून उसासाही निघाला. सालायनं तो डोळे मिटून ऐकला.

“दमा,” ती म्हणाली. “बाबा म्हणायचे, तुझ्या पक्ष्याला दमा आहे. मी विसरूनच गेले होते. सगळ्या रानाचे आवाज लक्षात ठेवले, आणि घरातला विसरले.”

“मला एक दिवस हवा होता गं फक्त. तू जाणार होतीस. मग नदी चढली, मग त्याची आई गेली... मला सांगायचं होतं.”

“एक दिवस?”

“एकच.”

“मग माझ्याकडं मागायचा होतास,” सालाय म्हणाली. “दिला असता मी.”

आपण नुसतं मागितलं असतं तरी चाललं असतं, हे इतक्या वर्षांत एकदाही उमिंगच्या डोक्यात आलं नव्हतं.

“माझ्या एका शब्दावर किती माणसं परत फिरली, ठाऊक आहे तुला? कुणाची लग्नं, कुणाचे बाजार. या कानांच्या भरवशावर. आणि या कानांना वळण लावलं कुणी, तर तुझ्या अंगठ्यानं!”

“मार मला, अक्का.”

“मारीन की. आधी घरी चल. पाहुणा दारात उभा असेल, आणि भात चुलीवर करपत असेल.”

जेवताना बोलला तो आग्दान. म्हातारा भलताच बोलका निघाला. “डावा कान गेला माझा,” तो सांगत होता. “लाकूड कापायच्या कामावर होतो, त्या यंत्राच्या आवाजानं गेला. बरंच झालं म्हणा. आता सगळे पक्षी मला उजवीकडूनच बोलतात!” स्वतःच्या विनोदावर स्वतःच पोट धरून हसला. “पण आजचा खराच उजवीकडून बोलला बरं का. आणि शेवटी असा उसासा टाकला त्यानं! मला वाटलं, म्हणतोय, किती रे उशीर केलास.”

सालायनं उमिंगकडे पाहिलं. आता सांगते, असं उमिंगला वाटलं.

“भात वाढ त्याला,” सालाय म्हणाली.

आग्दान दातूच्या घरी मुक्कामाला गेला. सालाय भिंतीकडे तोंड करून निजली. सकाळी उठून तिनं टोपलीच्या तळातून तो जुना दागमाय काढला. कडा विरल्या होत्या, चिखलाचा काळा रंग मात्र तसाच होता. घुंगरं तिनं राखेनं घासून घेतली. कमरेमागची गाठ तिच्या हातांना येईना, ती उमिंगनं मारून दिली.

“म्हणजे जातेस?”

“पक्ष्यानं सांगितलंय ना उजवीकडून. तुझ्याच पक्ष्यानं.” यात हसू किती आणि राग किती, ते उमिंगला कळेना. “गावात काही बोलू नकोस. मी नसले की शिकतील आपलं आपण ऐकायला.”

“मला दोन शिव्या तरी घाल गं.”

“घालीन. तिकडं गेल्यावर सावकाश घालीन. आता उशीर होतोय.”

उमिंगला नदीपर्यंत पोचवायला जायचं होतं, पण गुडघा टम्म सुजला होता. डुकरांच्या खाण्याची बादली हातात धरून ती शिडीखाली उभी राहिली. दोघं वाट उतरू लागली. पुढे पाठीवर सालायची टोपली घेतलेला आग्दान, मागे सालाय. वळणावर दोघं दिसेनाशी झाली. मग नुसती शीळ ऐकू येत राहिली, आणि घुंगरं.

तेवढ्यात लिमोकोन बोलला.

डावीकडून बोलला, गचपणाच्याही पलीकडून. कु-कूऊऊ. स्वच्छ, भरदार आवाज, आणि शेवटी काही नाही. उसासा नाही.

उमिंगनं बादली दोन्ही हातांनी घट्ट धरली. शीळ चालूच होती, कारण आग्दानचा तो कान गेलेला. घुंगरं मात्र थांबली होती. अक्का वाटेत उभी राहिली होती.

मग खालून सालायचा आवाज आला. चढा, हसरा, सगळ्या दरीला ऐकू जाईल असा.

“उमिंग! पुरे झालं आता! या वेळी एक दिवससुद्धा मिळायचा नाही तुला!”

आणि पुन्हा शांतता. घुंगरं वाजेनात. ती उत्तराची वाट बघत होती.

उमिंगला सगळं लख्ख कळलं. ज्या बाईनं एका उसाशावर जन्म काढला, तिला आत्ता उसासा नव्हता हे कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. तो खरा पक्षी होता हे सालायला ठाऊक होतं. तरी तिला जायचं होतं. आणि जाण्यासाठी तिला धाकट्या बहिणीकडून एक खोटं हवं होतं.

‘मी नव्हते गं, परत फिर,’ हे खरं होतं. ते ओरडलं असतं तर अक्का परत फिरली असती, चुलीपाशी येऊन बसली असती, आणि कायमची उमिंगपाशी राहिली असती. उमिंगला ते हवं होतं. अजूनही हवं होतं, याची तिला लाज वाटली. आणि नाही ओरडावं, तर तो लोंढा, तो ताप, ती नदीपार वारलेली बाई, सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

“हो गं!” ती ओरडली. “मीच होते! जा तू!”

घुंगरं पुन्हा वाजू लागली. लांब लांब जात नदीच्या आवाजात मिसळून गेली.

उमिंगनं बादली खाली ठेवली. पानाच्या डब्यातून सगळ्यात कोवळं पान निवडून विडा लावला, लंगडत लंगडत गचपणापर्यंत गेली आणि तिथल्या दगडावर तो ठेवला.

“तिनं तुझं ऐकलं नाही, असं धरू नकोस,” ती वर झाडांकडे बघत म्हणाली. “मी तिला ऐकू दिलं नाही. तेव्हाही मीच, आजही मीच. काय काढायचं ते माझ्यावर काढ.”

पक्षी पुन्हा बोलला नाही. तेव्हापासून सुका मासा विकणारा गावात आला की उमिंग मासा बघत नाही, आधी त्याचा चेहरा बघते.